दिवे लागायच्या आत

प्रिय नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातली थोरली तिच्या परदेशातल्या नोकरीबद्दल सांगत होती. दिवसभर गाडी घेऊन ती या घरून त्या घरी जाते, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालते, औषधं देते, जेवण गरम करून देते. पगार मिळतो तो त्यांच्या घरात घालवलेल्या वेळाचा. एका घरातून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळ तिचा स्वतःचा. एवढं सांगून ती म्हणाली, "जाऊ दे आजी, तुला नाही कळायचं."

मला कळलं. इतकं चांगलं कळलं की फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीतच बसून राहिले. मीही एके काळी अशीच नोकरी केली आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही असं माझ्या लक्षात आलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आता मला पुन्हा नीट लिहिता येतं, म्हणून ते राहून जायच्या आत लिहून ठेवते. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि तुमच्यासाठी इंग्रजीत लिहिणं सोपंही होतं. पण यातली माणसं इंग्रजी बोलायला लागली की मलाच ओळखू येत नाहीत. तेव्हा मराठीतच लिहिते. सावकाश वाचा. अडलात तर तुमच्या बाबांना विचारा. या गोष्टीत तोही आहे, फक्त त्याला त्यातलं काही आठवत नाही.

आधी तुम्ही पाहिलेलं चिंचवड मनातून काढून टाका. ते उड्डाणपूल, ते बारा-बारा मजल्यांचे सोसायटीचे मनोरे, ती दुकानं, सगळं. मी सांगते आहे ती एकोणीसशे पन्नासनंतरच्या काही वर्षांची गोष्ट. चिंचवड तेव्हा पवनेच्या काठचं गाव होतं. पिंपरीला जाताना दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असे. पिंपरीला नवा कारखाना झाला होता आणि त्याचा भोंगा वारा असेल त्याप्रमाणे आमच्यापर्यंत ऐकू यायचा. आमच्या शेजारचे गृहस्थ त्या कारखान्यात लागले होते. भोंगा झाला की त्यांचं काम सुरू, पुन्हा झाला की संपलं, वर थांबावं लागलं तर ओव्हरटाइम. तुमचे आजोबा मला चिडवायचे, "तुझा भोंगा कुठे ठेवलाय? एकदा वाजव तरी."

मी पुण्याला नर्सिंग शिकले होते. चिंचवडला एका संस्थेने चालवलेला छोटा दवाखाना होता आणि त्या दवाखान्याची फिरती नर्स म्हणून मला नेमलं होतं. गरोदर बायका आणि तान्ही मुलं तपासायची, नाळ कशी बांधायची ते सुइणींना दाखवायचं, डोळे आलेल्या मुलांच्या डोळ्यांत औषध घालायचं. नदीपलीकडचं थेरगाव, इकडे तळवडे, आणि पार चाकणच्या पुढे भामा नदीच्या बाजूची गावं, एवढा माझा मुलूख. जवळच्या गावांना मी चालत जाई. चाकणकडे जायचं म्हणजे आधी मुंबई रस्त्याने नाशिक फाट्यापर्यंत, तिथे एस.टी.ची वाट बघत उभं राहायचं, चाकणला उतरायचं आणि पुढे गाडीवाटेने चालायचं.

नियम असा होता की रोज सहा तास काम. पण हे सहा तास घरांमध्ये मोजायचे. घराच्या उंबऱ्यातून आत गेलं की घड्याळ सुरू, बाहेर आलं की बंद. या नियमाला कारण होतं, ते मी लपवत नाही. माझ्या आधीच्या बाई सकाळी निघत, वाटेतल्या गावी बहिणीकडे दुपारभर विसावत आणि संध्याकाळी सहा तास भरले म्हणून सांगत. भामेकडच्या गावांपर्यंत त्या फारशा पोचतच नसत. तेव्हा संस्थेच्या समितीतल्या, तिकडच्याच एका सभासदांनी हा नियम सुचवला आणि तो पास झाला. त्या सभासदांना सगळे आबा म्हणत. साठी उलटलेले, कांद्याची मोठी शेती असलेले, आवाज असा की भिंतीला टेकून उभं राहिलं तर पाठीला कळावा.

कागदावर नियम ठीक दिसे. रस्त्यावर तो चमत्कारिक होई. मी बांधावरून चालले की शेतातली बाई खुरपं टाकून धावत येई. झाडाला बांधलेल्या झोळीतून पोर काढून माझ्या हातात देई, याला बघा, हे रात्रभर रडतं. मी बघे. तिथेच, उभ्याने, कधी उकिडवं बसून. पण शेताला उंबरा नसतो, म्हणून ते काम नव्हे. फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना एखादी गरोदर बाई पायावरची सूज दाखवी. तेही काम नव्हे. असं करता करता घरांतले सहा तास भरायचे म्हणजे मला पहाटे निघावं लागे आणि परत येईपर्यंत गावात कंदील लागून गेलेले असत.

तरी मी तक्रार केली नसती. तरुण होते, पायात जोर होता, आणि घरी सासूबाई होत्या. त्यांनीच मला नोकरीवर पाठवलं होतं. त्यांची दोन बाळंतपणं अडाणी हातांनी बिघडलेली. शिकलेली सून आणायची आणि तिला चुलीपुढे बसवायची नाही, हे त्यांनी माझं स्थळ येण्याआधीच ठरवून टाकलं होतं. शेजारणी काही बोलल्या तर त्या म्हणत, "माझी सून मी चुलीसाठी आणलेली नाही. चूल मला येते." तुमचे बाबा झाले, मी काही महिने रजेवर राहिले, आणि मग त्याला त्यांच्या स्वाधीन करून पुन्हा कामावर जाऊ लागले.

एकच अडचण होती. सूर्य बुडाला की सासूबाईंना दिसत नसे. दिवसा त्या सुईत दोरा ओवायच्या. पण तिन्हीसांजेनंतर भिंत चाचपत चालायच्या. मूल पाळण्यात होतं तोवर हे निभावलं. दसरा झाला, दिवस लहान होत चालले आणि तुमचे बाबा रांगायला लागले.

अशाच एका संध्याकाळी मी अंगणात पाऊल टाकलं तर घरात शेजारच्या दोन बायका उभ्या होत्या. सासूबाईंनी हाताच्या सवयीने कंदील लावून जमिनीवर ठेवला होता आणि त्या पाण्याचा तांब्या आणायला वळल्या होत्या. तेवढ्यात तो रांगत गेला आणि त्याने कंदिलाच्या काचेवर तळहात ठेवला. फार भाजलं नव्हतं. शेजारणींनी तूप लावलं होतं आणि तो हुंदके देत देत झोपलाही होता. भाजण्यावर काय करायचं ते मला माहीत होतं, मी ते केलं. सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. झोपलेल्या पोराचा पाय त्यांनी चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, "मी तुला नोकरी सोड म्हणणार नाही. ते माझ्या तोंडून निघायचं नाही. पण दिवे लागले की मला मूल दिसत नाही. पुढचं तू बघ."

तुमचे आजोबा पुण्याला एका छापखान्यात होते, ते माझ्याहूनही उशिरा लोकलने येत. बाई ठेवण्याइतकी आमची ऐपत नव्हती. म्हणजे गोष्ट साधी होती. प्रवासाचा वेळ कामात धरला गेला तर मी दिवे लागायच्या आत घरी पोचणार होते. नाही धरला तर महिना संपताच नोकरी सोडणार होते.

मी अर्ज लिहिला. इंग्रजीत लिहिला, कारण अर्ज इंग्रजीत असला की तो गंभीरपणे घेतला जातो असं तेव्हा मला वाटे. संस्थेचे चिटणीस कोर्टातून निवृत्त झालेले होते. कोट, टोपी, आणि खिशात घड्याळ. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, माझ्या इंग्रजीचं मनापासून कौतुक केलं आणि नाही म्हणाले. दुष्टपणाने नव्हे. ते म्हणाले, "बाई, मी जन्मभर घरून कचेरीत चालत गेलो. त्या चालण्याचा पगार मला सरकारने कधी दिला नाही, आणि मी मागितलाही नाही."

मी म्हटलं, "तुम्ही एका कचेरीत जात होता. माझी कचेरी दिवसातून आठ वेळा जागा बदलते."

त्यावर त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते टोपीखाली कुठेतरी ठेवून दिलं. रविवारी समितीची सभा आहे, तिथे अर्ज ठेवतो, म्हणाले. पण नियम ज्यांच्या सूचनेवरून झाला ते आबा सभेला असणार, आणि आबांचं गाव सगळ्यांत लांब. प्रवास कामात धरला तर सगळ्यांत जास्त तोटा त्यांच्याच गावाचा. हे मलाही दिसत होतं.

सभेच्या आदल्या दिवशी माझी भामेकडची फेरी होती. फेऱ्यांचं वेळापत्रक चिटणीसांनी स्वतः आखलेलं, लाल-निळ्या शाईत, फार सुबक. त्यात एकच चूक होती आणि ती गावातून कधी बाहेर न पडणाऱ्या माणसाचीच होऊ शकते. भामेकडच्या गावांचा वार त्यांनी नेमका चाकणच्या बाजाराचा वार घेतला होता. बाजाराच्या दिवशी त्या भागात घरी कोण असतं? मी चाकणला उतरून भामेकडे चालत निघे तेव्हा त्या गावांतल्या निम्म्या बायका डोक्यावर पाट्या, कडेवर पोरं घेऊन मला समोरून भेटत. "नर्सबाई, आमच्याकडंच निघालाव? या, या, घरी म्हातारी हाय," असं म्हणून पुढे जात. मी तिथे पोचे तर दारांना कड्या. मग पुढच्या गावी. तिथेही कड्या. उंबरे भरपूर, पण आत शिरायला नाही. हे मी एकदा चिटणीसांना सांगितलं होतं. ते म्हणाले, वेळापत्रक छापून झालं आहे.

त्या दिवशीही तसंच झालं. दोन-तीन म्हाताऱ्या आणि एक बाळंतीण तपासून मी परत चाकणची वाट धरली. ऊन उतरायला लागलं होतं. मागून घुंगरांचा आवाज आला. पाहते तर आबा, एका बैलाचं दावं धरून भरभर चालत येत होते. मी बाजूला झाले. त्यांनी रामराम केला पण वेग कमी केला नाही, म्हणून मीच पाऊल उचललं.

"एवढ्या घाईने कुठे, आबा?"

"दुसऱ्याचा बैल हाय बाई. आमचा एक लंगडतोय, म्हून सावडीनं आणला व्हता. पल्याडच्या वाडीतला. दिवे लागायच्या आत त्याच्या दावणीला पोचवाया पायजे."

सावड म्हणजे काय ते मला नीटसं माहीत नव्हतं, मी शहरात वाढलेली. त्यांनी चालता चालता सांगितलं. ज्याच्याकडे एकच बैल त्याने दुसऱ्याचा आणून जोडी करायची, आणि मग आपला त्याला द्यायचा. पैसा नाही, लिहिणं नाही. पण रीत ठरलेली. बैल मालकाच्या गोठ्यातून सुटला की त्याचा दिवस सुरू झाला. वाटेतला चारा-पाणी आणणाऱ्याने बघायचं. आणि अंधार पडायच्या आत त्याला त्याच्या जागी नेऊन बांधायचं, मग औत अर्धवट राहिलं तरी चालेल.

"आणि उशीर झाला तर?" मी विचारलं.

"तर पुना कुणी बैल देत न्हाई."

मी काहीही ठरवून बोलले नाही. सकाळपासून पायपीट झालेली, भाजलेला तळहात डोळ्यांपुढे. तोंडून निघून गेलं, "तुमच्या बैलाचं बरं आहे, आबा."

ते हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले आणि म्हणाले, काय झालं ते सांगा. मी सांगितलं. सासूबाईंचे डोळे, कंदील, सहा तास, उंबरे, कड्या लावलेली दारं. नोकरी सोडणार आहे हेही सांगितलं. त्यांनी दावं दुसऱ्या हातात घेतलं. वाडीचा फाटा आला तेव्हा एवढंच म्हणाले, "नियम माझाच हाय तो." आणि बैल घेऊन वळले. त्यांच्या मनात काय आहे ते मला मुळीच कळलं नाही. उलट वाटलं, उगाच बोलले. त्या दिवशीही घरी पोचेपर्यंत अंधार झाला होता. सासूबाई तुमच्या बाबांना मांडीवर आवळून एका जागी बसल्या होत्या. कंदील त्यांनी लावलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या ओसरीत सभा झाली. चिटणीस, दवाखान्याचे डॉक्टर, आबा आणि आणखी एक-दोन सभासद. मला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. चिटणीसांनी माझा अर्ज इंग्रजीत वाचला आणि मग आबांसाठी त्याचं मराठी केलं. ते त्यांनी प्रामाणिकपणे केलं, एक शब्द खाल्ला नाही. मग म्हणाले, "आबा, तुमचं मत सगळ्यांना माहीत आहे. नियम तुमच्याच सूचनेवरून झालेला आहे."

"व्हय, माझ्याच," आबा म्हणाले. "पण मला एक इचारायचं हाय. ह्या बाई आपल्याला कोण देतं?"

"कोण देतं म्हणजे? संस्था पगार देते."

"पगार द्या तुमी. दिवस कोण देतं? ह्यांची सासू देती. म्हातारीला सांजचं दिसत न्हाई, घरात रांगतं पोर हाय, तरी ती सून सोडती आपल्या गावांसाठी. ही सावड झाली. आन् सावडीत जनावर गोठ्यातनं सुटलं का दिस सुरू. दिवे लागायच्या आत त्याच्या जागी. रस्ता बैलाचा सोताचा, असं आमच्यात कुनी म्हनलं तर त्याला गावात बैल मिळायचा न्हाई."

चिटणीसांनी चष्मा काढला. "आबा, बाई म्हणजे काय बैल आहेत?"

डॉक्टरांना हसू फुटलं. मी जमिनीकडे बघत होते. सगळ्या सभेपुढे आपली तुलना कुणाशी चालली आहे हे मला समजत होतं, आणि कान गरम झाले होते.

"न्हाईत ना," आबा शांतपणे म्हणाले. "म्हून तर म्हनतो, बैलाएवढं तरी द्या."

चिटणीस चष्मा पुसत राहिले. ते कायद्यातले माणूस होते आणि रीत या गोष्टीबद्दल त्यांना आदर होता. पण ते न्यायीही होते, म्हणून त्यांनी जो प्रश्न विचारायलाच हवा होता तो विचारला. प्रवास धरला तर भामेकडे जाण्यायेण्यातच दिवस संपेल. तिकडच्या बायकांनी काय करायचं? आबांच्या गावचे लोक आबांना काय म्हणतील?

आबांनी मान हलवली. "आमच्या वाट्याला कमी येणार, ते दिसतंय मला." त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झालेला मी ऐकला. त्यांची स्वतःची धाकटी सून तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

तेव्हा मी उभी राहिले आणि विचारलं, मी बोलू का. आणि समोरून भेटणाऱ्या बायकांचं सांगितलं. बाजाराच्या दिवशी त्या आपणहून चाकणला येतात, पोरं कडेवर असतात, गरोदर असल्या तरी येतात. मी त्यांच्या रिकाम्या घरी जाण्याऐवजी बाजारातच का बसू नये? फक्त बायकांना आडोसा असेल अशी जागा हवी. ज्यांना चालवत नाही अशा बाळंतिणींसाठी महिन्यातून एखादी फेरी तिकडे करीन.

आबा जागा शोधायला एक क्षणही थांबले नाहीत. "बारदानवाले भाई. त्यांच्याच ओट्यावर आमच्या बायका पाट्या ठिवत्यात."

चिटणीसांनी ठराव लिहिला. प्रयोग म्हणून, तीन महिन्यांपुरता, असं त्यांनी त्यात घातलं. घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत आठ तास, आणि दिवे लागण्यापूर्वी परत. तीन महिन्यांनी तो शब्द काढून टाकायचं ते विसरले आणि मी नोकरीत होते तोवर तो प्रयोगच राहिला. पगार होता तेवढाच राहिला. पण त्या ओसरीतून बाहेर पडताना मला वाटलं की कुणीतरी माझ्या डोक्यावरची भरलेली पाटी उतरवून खाली ठेवली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बैलवाली झाले." त्या दिवसभर अधूनमधून हसत होत्या. दुपारी त्यांनी आपलं एक जुनं लुगडं काढलं, चौपदरी करून त्याची झोळी शिवली आणि चारी टोकांना पक्के नाडे लावले. पोरांचं वजन करायला बाजारात तागडीला काय बांधणार, हा विचार माझ्या आधी त्यांनी केला होता.

बारदानवाले भाई मुसलमान व्यापारी होते, कांद्याच्या गोण्या आणि सुतळी विकायचे. लांबोडकं दुकान, पुढे ओटा, मागे एक खोली. सुतळी जोखायची मोठी तागडी तुळईच्या लोखंडी आकड्याला टांगलेली असे. आबांनी त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण पहिल्या बाजाराला मी पोचले तर मागची खोली झाडून सारवलेली होती, दाराला गोणपाटाचा पडदा होता आणि भाईंच्या बीबी माझ्यासाठी स्टूल पुसत होत्या. त्या दिवसापुरती तागडी आतल्या आकड्याला टांगली होती. दिवसभर सुतळी घ्यायला येणाऱ्यांना भाई सांगत होते, "आज अंदाजाने घ्या राव, तागडी माहेरी गेली."

बायका आल्या, पण पोर तागडीत घालायला कुणी तयार होईना. जोखलेल्या मुलाला नजर लागते अशी समजूत. एका म्हातारीने विचारलं, कुठल्या देवाचा नवस आहे? कारण मूल जोखायचं ते नवस फेडताना, गुळाने, एवढंच तिला माहीत. मी समजावत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. भाईंच्या बीबी उठल्या, स्वतःचा नातू आणून झोळीत टाकला, आणि दुसऱ्या पारड्यात वजनांच्या शेजारी गुळाचा एक खडा ठेवला. "घ्या, झाला नवस," म्हणाल्या. नंतर गूळ त्या पोराच्या आईच्या हातावर ठेवला. त्यानंतर ओळ लागली. गुळाचा खडा पुढेही कित्येक वर्षं पारड्यात असे. मी तो वजनात मिळवायला शिकले.

त्या एका दिवसात मी जेवढी मुलं तपासली तेवढी आधीच्या महिन्यात भामेच्या वाटेवर तपासली नव्हती. आबांची धाकटी सून पाटी घेऊन आली होती. तिच्या पायांवर सूज होती, म्हणून ओझं उचलायचं नाही असं मी तिला बजावलं. पुढच्या बाजारी तिच्याबरोबर पाटी उचलायला आबा स्वतः आले आणि बायकांची चेष्टा निमूटपणे ऐकत ओट्यावर बसून राहिले. दोन महिन्यांनी तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या बाजाराच्या संध्याकाळचं. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन अजून रस्त्यावर होतं. मी घाई केली नाही. घाई न करता घरी जाणं ही गोष्ट मी विसरूनच गेले होते. पिंपरीचा भोंगा झाला आणि कारखान्यातली माणसं सायकलींवरून घराकडे निघाली, आणि मीही त्यांच्याबरोबर घराकडे निघालेली होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना मी लांबून दिसले, कारण उजेड होता. "आज एस.टी. चुकली वाटतं, लवकर आलीस," म्हणाल्या. तुमचे बाबा पायरीपर्यंत रांगत आले, माझ्या पिशवीला हात घातला आणि पट्टी बांधलेला हात वर करून मला दाखवला. कंदील त्या दिवशी मी लावला. तो खुंटीवर टांगला, आणि त्यानंतर तो कधी जमिनीवर ठेवला गेला नाही.

थोरले, तुझ्या त्या देशात सावडीची रीत नसेल, आणि तुझ्या कंपनीत आबांसारखं कुणी असेल की नाही, मला माहीत नाही. पण तुझा रस्ता तुझ्या कामाचाच भाग आहे, आणि हे म्हणायला लाजायचं कारण नाही. आबांपुढे ते माझ्या तोंडून चुकून निघालं. तू ठरवून म्हण. आणि एकटीने म्हणू नकोस.

चिंचवडचा तो दवाखाना आता नाही, तिथे बँक आहे. मागच्या वर्षी तुमचे बाबा मला चाकणला घेऊन गेले होते. जिथे तिथे ट्रक, तीन शिफ्टच्या कंपन्या, कामगारांना घरून आणणाऱ्या आणि घरी सोडणाऱ्या बसगाड्यांच्या रांगा. भाईंच्या दुकानात त्यांचा पणतू मोबाईल विकतो. त्याने आम्हाला आत नेलं, चहा पाजला. मागच्या खोलीची तुळई तीच आहे आणि तिला लोखंडी आकडा आहे. तुमच्या बाबांच्या उजव्या तळहातावर कंदिलाचा डाग आहे. सासूबाईंनी शिवलेली झोळी माझ्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात आहे, आणि तिचे चारही नाडे शाबूत आहेत.